तेव्हा टीव्हीवर जाहिरात होती

मंडळी, तुम्ही सगळे आलात. ट्रॉयहून, कँटनहून, काही जण पार टोलेडोहून गाडी काढून आलात. मागे उभे आहात त्यांच्यासाठी खुर्च्या येतायत. नोव्हायचा हा हॉल एप्रिलमध्ये जयंतीला भरला होता, तेव्हा माईक सुधाकरदादांच्या हातात होता. आज तो माझ्या हातात आहे. तो धरायचा कसा, तेच मला सुचत नाहीये.

माझं नाव स्वाती. मी मूळची अमरावतीची. इथे अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट आहे. शाळा-कॉलेजातली पोरं फुटबॉल खेळून गुडघे आणि खांदे फोडून घेतात, ते मी परत हलते करते. सुधाकर मेश्राम माझ्या नात्याचे नव्हते. पण या देशात माझ्याशी त्यांच्याइतकं कडाकडा भांडलेलं दुसरं माणूस नाही. आज मला बोलणं अवघड जातंय. रडू येईल म्हणून नाही हो. मी ओरडेन म्हणून. दादांच्या बायकोला, रेखावहिनींना मी तसं आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "ओरड गं. ते कुठे हळू बोलायचे?"

तर ओरडते.

माझ्या आधी जे बोलले ते चांगलं बोलले. कुणी म्हणालं दादा अजातशत्रू होते. नव्हते, काका. अजातशत्रू माणसाला कुणी मारत नाही. कुणी म्हणालं, काळाने घाला घातला. काळाने नाही घातला. एका माणसाने घातला. त्याला हात आहेत, नाव आहे, घर आहे, आणि आज शनिवारी तो आपल्या घरी आहे. बाहेरच्या बोर्डवर लिहिलंय, दुःखद निधन. ज्याने लिहिलं त्याच्यावर माझा राग नाही, तसंच लिहायची पद्धत आहे. पण निधन नाही झालं, मंडळी. दादांना मारलं. पुन्हा सांगते, कारण हे वाक्य या हॉलमध्ये अजून कुणी उच्चारलेलं नाही. दादांना मारलं.

आता इथे भारतातून आलेले आईवडील बसले आहेत. त्यांना प्रश्न पडला असेल, एवढा शिकलेला, वयाने मोठा माणूस बारमध्ये कशाला गेला आणि कुठल्या पोरावरून वाद घालत बसला? सांगते.

इथे दर एप्रिलला ड्राफ्ट होतो. कॉलेजात इथलं फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर धडकायचा खेळ, खेळलेली पोरं असतात, त्यांच्यातून मोठ्या व्यावसायिक टीम आळीपाळीने एकेक पोरगा निवडतात. टीव्हीवर दाखवतात. अख्खं शहर घरात बसून वाद घालतं, आपल्या टीमने कोणाला घ्यावं. त्याच्या आधी पोरांना एका मैदानात नेतात. उंची मोजतात, वजन करतात, पंजा मोजतात, पळवतात, उड्या मारायला लावतात. दादा म्हणायचे, "स्थळ बघायला गेल्यावर पण एवढं बघत नाहीत. बाजारात बैलाला बघतात तसं बघतात. अंग सगळे बघतात. माणूस कोण बघतं?"

असं म्हणायचे, आणि तरी बघायचे. खोटं कशाला बोलू? दादांना हा खेळ बेफाम आवडायचा. आणि त्यातली मारामारीच आवडायची. बेसमेंटमध्ये भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली सोफा, सोफ्यावर दादा, आणि तोंडाने काय, तर "हाण! उडव त्याला! जमिनीत गाड!" त्यांची प्रज्ञा जिन्यातून ओरडायची, "बाबा, यू आर अंडर द बुद्धा!" दादा वर न बघता म्हणायचे, "तो बघत नाही गं, त्याचे डोळे मिटलेले आहेत." प्रज्ञा, हसलीस ना? हस. तुझे बाबा शांत नव्हते. त्यांना शांत करून फोटोत बसवायचं काम मी नाही करणार.

आणि त्यांची नोकरी काय? इथले निम्मे लोक गाड्यांच्या कामात आहात, तुम्हाला माहीत आहे. दादा क्रॅश टेस्ट करायचे. नवी कोरी गाडी, आत माणसाच्या मापाचा पुतळा, पट्टा बांधलेला, आणि धाडकन भिंतीवर. पुतळ्याचं डोकं कुठे आपटलं, किती जोरात आपटलं, मेंदूला काय झालं असतं, हे बघून गाडीत काय बदलायचं ते सांगायचं. त्यांनी मला एकदा लॅब दाखवली. गाडी आदळली, पुतळ्याचं डोकं आपटल्याचा आवाज आला. मी कान दाबून उभी, आणि दादा त्या चेपलेल्या गाडीजवळ जाऊन पुतळ्याची मान हळूच सरळ करतायत. मी म्हटलं, "दादा, त्याला दुखत नाही." ते म्हणाले, "मला माहीत आहे. सवय आहे."

असा हा माणूस फुटबॉल बघायचा तेव्हा चेंडू कुणाकडे आहे हे त्यांना शेवटी कळायचं. टक्कर झाली की रिमोट हातात. मागे घे. पुन्हा. पुन्हा. डोकं कुठे गेलं बघ. आम्ही वैतागायचो. यार दादा, गेम पुढे गेला! त्यांचं आपलं चालूच.

आणि ड्राफ्टच्या संध्याकाळी त्यांच्या बेसमेंटमध्ये आमची सभा भरायची. सभाच म्हणते, कारण दादांनी त्याची वादविवाद स्पर्धाच करून टाकली होती. नागपूरला जयंतीच्या स्पर्धा गाजवलेला माणूस, तो गप्पा नुसत्या गप्पा म्हणून होऊ देईल का? आपल्या टीमची पाळी यायच्या आधी प्रत्येकाने उभं राहायचं. एका पोराची बाजू मांडायची. तीन मिनिटं. वेळ संपली की माझा नवरा मिलिंद स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवणार. आणि नियम असा, की बोलणाऱ्याला मध्ये कुणी तोडायचं नाही. तुम्हाला त्याचं म्हणणं विष वाटो, वाटी वाजेपर्यंत ऐकायचं. दुसरा नियम, आपल्या पोराची खरी खोट स्वतःच सांगायची. लपवली तर बाद.

हे नियम आम्हाला इतके अंगवळणी पडले होते, की आम्हाला वाटायला लागलं, हे सगळ्या जगाचेच नियम आहेत.

यंदा काय झालं, दादांच्या बेसमेंटमधला पाणी उपसणारा पंप बंद पडला, बर्फ वितळलेलं पाणी आत शिरलं. सोफा भिजला, कार्पेट उचलून टाकावं लागलं. माझं घर लहान, बाकीचे अपार्टमेंटमध्ये. म्हणून ठरलं, बारमध्ये बसू. मोठे टीव्ही, खायला मिळतं, पार्किंग आहे. दादांनी विचारलं, "वाटी नेता येईल का तिथे?" मिलिंद म्हणाला, "दादा, वाटीला कोण अडवतंय?" आम्ही स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन अमेरिकन बारमध्ये गेलो, मंडळी. दादांनी आइस टी मागवला. हे मुद्दाम सांगते. आइस टी. कारण त्या माणसाचे मित्र सांगतायत की म्हातारा प्यायलेला होता. दादांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, हे या हॉलमधल्या लहान पोरालाही माहीत आहे.

बार गच्च भरला होता. सगळ्यांना एकच पोरगा हवा होता. इथल्याच कॉलेजचा. त्याचं नाव मी घेत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. तो समोरून पळत येणाऱ्याला आडवा करणारा, मारणारा पोरगा. डोकं खाली घालून बंदुकीच्या गोळीसारखा घुसायचा. मलाही तोच हवा होता. मी उभी राहिले. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनाही कळावं म्हणून इंग्लिशमध्ये बोलले. म्हटलं, आपल्या टीमला दात नाहीत. हा पोरगा दात आहे. समोरच्याला भीती वाटली पाहिजे. खोट सांगितली, डावा गुडघा कच्चा आहे, मी पळताना बघितलंय. वाटी वाजली. शेजारचं टेबल टाळ्या वाजवायला लागलं. त्यातला एक दांडगा माणूस उठून आला, हसत, आणि त्याने मला हाय फाइव्ह दिला. माझा हात झिणझिणला.

तोच माणूस. तोच हात.

मग दादा उठले. मी त्यांना ओळखते, त्यांच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. मला मराठीत म्हणाले, "स्वाती, गुडघा नाही. डोकं." आणि मग वळून सगळ्यांकडे बघून इंग्लिशमध्ये सुरू झाले. जयंतीचाच आवाज. तो आवाज हळू करायचं बटणच नव्हतं त्या माणसाला.

ते म्हणाले, या पोराला घेऊ नका. मी रोज डोकी फोडतो. पगार घेऊन फोडतो, प्लास्टिकची फोडतो. म्हणून मला कळतं. हा पोरगा गेल्या सीझनमध्ये एकाला धडकला, उठला, आणि चालत चालत समोरच्या टीमच्या बाकावर जाऊन बसला. तुम्ही हसलात. टीव्हीवाले हसले. मी ते पुन्हा पुन्हा बघितलंय. त्याला आपला बाक कुठला ते कळत नव्हतं. त्याला सांगितलं पाहिजे, बाळा, तू खूप खेळलास, आता घरी जा, आईला भेट, डॉक्टरकडे जा. आपण त्याला घेतलं तर तिशीत त्याला स्वतःच्या पोराचं नाव आठवणार नाही. आणि तेव्हा आपण इथे बसून दुसऱ्या पोराला टाळ्या वाजवत असू.

बार शांत झाला होता का? नाही. लोक ओरडत होते. बसा, बसा. घरी जा. कुठल्या घरी, ते पण सांगत होते, ते मी इथे सांगत नाही, मुलं आहेत. तो दांडगा माणूस उभा राहिला. "सिट डाउन, ओल्ड मॅन." आणि दादांनी काय उत्तर दिलं माहीत आहे? मिलिंदकडे बघितलं, त्याने एक बोट दाखवलं, आणि दादा त्या माणसाला म्हणाले, "सर, आय हॅव वन मिनिट लेफ्ट."

अरे, कुणाला सांगत होता हो तुम्ही दादा! त्याला काय माहीत तुमचं मिनिट? त्याला काय माहीत तुमची वाटी? पण त्यांना वाटलं, नियम आहे. माणूस उभा राहिला, बोलतोय, तर वाटी वाजेपर्यंत समोरचा ऐकणार. आपण सगळे असेच फसतो, नाही का? आपण वाद घालत होतो. समोरच्याला वाटलं भांडण आहे.

मी तेव्हा काउंटरकडे गेले होते. खायचं तयार झालं म्हणून हाक आली होती. पुढचं नीट ऐका, कारण सगळं इथे अडलंय. काउंटरच्या वर टीव्ही आहे. मी त्याच्या खाली उभी राहून मान वर करून बघत होते. आपल्या टीमची पाळी आली. नाव वाचलं. तो पोरगा नव्हता. टीमने दुसराच घेतला, एक जाडजूड पोरगा, जो पुढे उभा राहून मागच्याला वाचवतो. अख्खा बार कळवळला. शिव्या. कुणीतरी ग्लास आपटला. आणि टीव्हीवर जाहिरात लागली. लाल ट्रक, चिखल उडवत चाललेला. मला ती जाहिरात आता झोपेत दिसते. ट्रक चिखलातून वर चढला, आणि माझ्या पाठीमागे वाटी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग दुसरा आवाज आला.

तो दुसरा आवाज मी दादांच्या लॅबमध्ये ऐकलेला होता.

मी वळले तेव्हा दादा खाली होते. टेबलाच्या लोखंडी पायाशी डोकं. कानातून रक्त येत होतं. पातळ, आणि खूप. तो माणूस त्यांच्यावर वाकून अजून ओरडत होता, मूठ तशीच आवळलेली, आणि त्याचा मित्र त्याला दंडाला धरून मागे ओढत होता. मी गुडघ्यांवर पडले आणि दोन्ही हातांनी दादांची मान धरली. तेवढंच मला येतं. मान हलू द्यायची नाही. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी मान धरून बसले, आणि त्यांचं रक्त माझ्या बाह्यांमधून कोपरापर्यंत गेलं. ते माझ्याकडे बघत होते. ओळखलं की नाही माहीत नाही. बोलले नाहीत. त्यानंतर ते कधीच बोलले नाहीत.

हॉस्पिटलमध्ये मशीन होती, ती श्वास घेत होती. डोक्याचं हाड काढलं, सूज उतरली नाही. वहिनींना ते ठरवणं झेपेना, म्हणून शेवटी डॉक्टरांनी प्रज्ञाला विचारलं. वीस वर्षांच्या पोरीला विचारलं, थांबवायचं का. प्रज्ञा, तू जे केलंस ते बरोबर केलंस. इथे सगळ्यांसमोर सांगते, तुला पुन्हा कधी कुणी विचारू नये म्हणून.

आता पुढचं.

त्या संध्याकाळी पोलीस आले. तो माणूस म्हणाला, म्हातारा प्यायलेला होता, माझ्या अंगावर आला, अडखळला आणि पडला. त्याच्या टेबलावरचे सगळे म्हणाले, हो, पडला. कॅमेरा दाराकडे आणि गल्ल्याकडे आहे, आमच्या टेबलाच्या आड खांब येतो. मग ऑफिसरने मला विचारलं, मॅम, मारताना पाहिलंत? मी म्हटलं, नाही. माझी पाठ होती. त्याचं लिहिणं थांबलं. मग त्याने आमच्या टेबलाला विचारलं. आमच्या टेबलावर आपली पाच माणसं होती. पाचही जणांनी एकच वाक्य सांगितलं. मी जवळच उभी होते, माझे हात अजून धुतलेले नव्हते. पाचही वेळा ऐकलं.

"आय वॉज वॉचिंग द टीव्ही."

मंडळी, टीव्हीवर जाहिरात होती! ट्रकची जाहिरात! निवड होऊन गेली होती, टीम ओरडून झाली होती. दादा उभे, त्यांच्यासमोर एक दांडगा माणूस मूठ आवळून उभा, आणि पाच जण ट्रक बघत होते? आजवर कुणी ट्रकची जाहिरात बघितलीय? तुम्ही घरी जाहिरात लागली की चहा ठेवायला उठता. टीव्ही फक्त मी बघत होते. म्हणून मला माहीत आहे की तुम्ही बघत नव्हता.

त्या पाच जणांत माझा नवरा आहे. मिलिंद. तो तिथे चौथ्या रांगेत बसलाय. कुजबुज करू नका, मीच सांगतेय. त्याच्याच हातातली वाटी पडली होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात भांडी आपटतायत. मिलिंद म्हणाला, "स्वाती, माझं व्हिसाचं रिन्यूअल अडकलंय. कंपनीत ले-ऑफ चालू आहेत. पोलीस केसमध्ये नाव आलं तर?" मी म्हटलं, "आरोपी आणि साक्षीदार यातला फरक तुला कळत नाही का?" तो म्हणाला, "मला कळतो. त्यांना कळेल का?" मी भिंतीवर कप फोडला. खोटं नाही सांगत, डाग अजून आहे. आणि तरी सांगते, मिलिंद वाईट नाही. बाकीचे चौघंही वाईट नाहीत. घाबरलेत. मीही घाबरते. आपण सगळेच इथे सिग्नलला पोलीस मागे आला तरी स्टिअरिंग घट्ट धरणारी माणसं. पण मला एक सांगा, घाबरलेला माणूस आणि वाईट माणूस, रेखावहिनींना आज यात काय फरक पडतो? दोघांमुळे त्यांना एकच ऐकावं लागलं. तुमचा नवरा पडला.

काही मोठ्या मंडळींनी मला फोन केले. म्हणाले, "स्वाती, तो गेला, आता तो परत येतो का? आपल्याला इथे राहायचंय. आणि मुळात आपल्याला काय करायचं होतं त्यांच्या खेळात पडून?" काका, तुमचा मान ठेवून विचारते, त्यांचा खेळ म्हणजे कुणाचा? दादांनी इथल्या माणसांची डोकी वाचवायला आयुष्य घातलं. त्या माणसाची पोरं ज्या गाडीतून शाळेत जात असतील, तिच्यात कदाचित दादांचं काम असेल. या शहरातल्या एका पोराचं डोकं वाचावं म्हणून ते बोलायला उभे राहिले होते. त्या पोराला बघायला अख्खा बार जमला होता, आणि त्याच्या जिवाची काळजी एकट्या त्यांना होती. त्या पोराला नंतर दुसऱ्या टीमने घेतलं. तो आता दुसऱ्या गावात जाऊन डोकं आपटेल.

मी आमच्या इमिग्रेशनच्या वकीलबाईंना फोन केला. त्या स्पष्ट म्हणाल्या, पाहिलेलं खरं सांगितलं म्हणून व्हिसा जात नाही. पोलिसांना खोटं सांगितलं, तर मात्र मला तुमची काळजी वाटते. आणि जबाब बदलता येतो. त्या वेळी घाबरलो होतो, आता नीट सांगतो, एवढंच म्हणायचं. ज्यांना हवं त्यांच्याबरोबर त्या येणार आहेत. मी येणार आहे. सोबतीला रात्रपाळी टाकून आपले वानखेडेकाका येणार आहेत.

कारण सोमवारी सरकारी वकील ठरवणार. त्या माणसावर खटला भरायचा, की "पडल्याने मृत्यू" असं लिहून फाइल मिटवायची. माझा एकटीचा आवाज पुरत नाही. मी ऐकलं, पाहिलं नाही. पाहिलं तुम्ही. रेखावहिनींनी तुमच्याकडे बाकी काही मागितलेलं नाही. डबे पाठवू नका म्हणाल्या, फ्रिजमध्ये जागा नाही. फुलं नको म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, "त्यांच्या कागदावर पडला असं लिहू देऊ नका. ते पडणारे नव्हते."

मला त्या माणसाचा जीव नकोय. राग आहे, खूप आहे. हात शिवशिवतात माझे. काल क्लिनिकमध्ये एका पोराचा खांदा दाबताना तो कळवळला, तेव्हा कळलं मी किती जोर लावत होते. पण तो राग मी कुणाच्या तोंडावर नाही मारणार. तो मला सोमवारी कोर्टाच्या त्या इमारतीत न्यायचाय. दादा असते तर तेच म्हणाले असते, मारून नाही, मांडून. आणि तेही ओरडूनच म्हणाले असते.

आता मला संपवायचंय. आपल्याकडे शेवटी दोन मिनिटं उभं राहून शांत राहतात. आपणही राहू. पण आज थोडं वेगळं करू या. दोन मिनिटं झाली की बाकीच्या सगळ्यांनी खाली बसा. ज्यांनी त्या संध्याकाळी पाहिलं, त्यांनी बसू नका. उभेच राहा. काही बोलू नका, हात वर करू नका. मी नावं घेणार नाही. फक्त उभे राहा. वहिनी आणि प्रज्ञा पहिल्या रांगेत आहेत, त्या मागे वळतील आणि बघतील. तेवढं त्यांना बघू द्या.

मिलिंद, अजून मी सांगितलं नाही उभं राहायला. दोन मिनिटं सुरू व्हायची आहेत...

नाही. नको, बसू नकोस. तसाच राहा.

वहिनी, मागे बघा.

चला, मंडळी. आपणही उठू या त्याच्याबरोबर. सुधाकरदादा, जय भीम.